चेहरा ताणून स्पष्ट होत नाही

माणूस माणसाला ओळखतो तो चेहऱ्यावरून. नावे सारखी असू शकतात. एकाच आडनावाची दहा-दहा घरे एका आळीत नांदतात. पण एका चेहऱ्याची जागा दुसरा चेहरा घेऊ शकत नाही. म्हणूनच की काय, यंत्रे घडविणाऱ्यांनीही अखेर नावाशेजारी चेहरा आणून बसविला. ईमेल उघडावी, तर प्रत्येक पत्राशेजारी एक लहानसे वर्तुळ आणि त्या वर्तुळात पाठविणाऱ्याचा फोटो. फोन वाजावा, तर तोच फोटो मोठा होऊन समोर उभा. कल्पना मोठी गोड आहे. परंतु प्रत्यक्षात काय दिसते? यातले कित्येक चेहरे पहाटेच्या धुक्यातून पाहावेत तसे दिसतात. डोळ्यांच्या जागी दोन काळसर डाग, नाकाच्या जागी एक उजळ रेघ, कुंकवाच्या जागी तांबूस पुसट ठिपका. ही आपली आई आहे हे आपल्याला कळते, ते खाली नाव लिहिलेले आहे म्हणून!

या धूसरपणाचा दोष कोणी फोनला देतो, कोणी कंपनीला, तर कोणी स्वतःच्या चष्म्याला. बहुतेकजण तर तिकडे लक्षच देत नाहीत. माझ्या मते हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. त्याचे कारण नीट समजून घेतले, तर त्यावरचा उपाय पाच मिनिटांचा आहे. समजून घेतले नाही, तर ज्यांचा चेहरा पुन्हा कधी टिपता येणार नाही अशी माणसे आपण कायमची धूसर करून बसणार आहोत. म्हणून हा लेखप्रपंच.

कोणी म्हणेल, "येलदरीसारख्या गावात ईमेल वाचतो कोण? हा शहरी लोकांचा लाड झाला." हा समज आता जुना झाला. आपल्यातील बहुतेकांच्या हातात जे फोन आहेत, त्यांत पहिल्यांदा खाते उघडावे लागते ते ईमेलचेच, आणि फोनमधली नावांची यादी त्याच खात्याला बांधलेली असते. परीक्षेचे प्रवेशपत्र, शिष्यवृत्तीची सूचना, नोकरीचा बोलावा या सर्व गोष्टी त्याच वाटेने येतात. पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीस गेलेला मुलगा कार्यालयात बसून दिवसभर ईमेलच पाहत असतो. जिंतूरच्या बसस्थानकावर ज्याला निरोप दिला, त्याच्याजवळ गावाकडचे जे काही उरते, त्यात हे चेहऱ्यांचे वर्तुळही असते. तेव्हा हा प्रश्न आपलाच आहे.

आता कारणाकडे वळू. ठिपक्यांची रांगोळी आपल्या घरोघरी काढतात. पाच ठिपक्यांच्या पाच ओळी घेतल्या, तर एखादे कमळ कसेबसे जमते. मोर जमत नाही. मोर काढायचा तर ठिपके वाढवावे लागतात. पडद्यावरचा फोटो म्हणजे अशीच ठिपक्यांची रांगोळी. आजच्या साध्या फोनचा कॅमेराही ४,००० बाय ३,००० ठिपक्यांचा, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपक्यांचा फोटो काढतो. पण नावाशेजारच्या वर्तुळासाठी एवढे ठिपके कशाला, असा हिशेब करून प्रोग्रॅम त्याची एक चिमुकली प्रत बनवितो. ९६ बाय ९६ हे त्यातले एक रुळलेले माप. म्हणजे झाले ९,२१६ ठिपके. सुमारे तेराशे ठिपक्यांतून एक ठेवायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे, असा हा व्यवहार!

चिमुकली प्रत चिमुकल्या जागेत ठीक दिसते. बिघडते ते तिला ताणल्यावर. अंगणात रांगोळी मोठी दिसावी म्हणून ठिपके लांब लांब मांडले, तर रांगोळी मोठी होईल, पण ठिपका एकही वाढणार नाही. मधल्या मोकळ्या जागेत यंत्र काय करते? शेजारच्या दोन रंगांची सरासरी काढून तो रंग तेथे फासते. या फासलेल्या रंगालाच आपण धूसरपणा म्हणतो. चेहरा त्यात लपलेला नसतो. तेवढा चेहरा तेथे नसतोच.

याचे चांगले उदाहरण कार्यालयांतून वापरल्या जाणाऱ्या आउटलुक या ईमेल प्रोग्रॅमचे देता येईल. त्याच्यामागे काम करणाऱ्या यंत्रणेतील कर्मचाऱ्यांच्या सूचीसाठी पूर्वी ९६ बाय ९६ ठिपक्यांचाच फोटो लावण्याची शिफारस असे. त्या काळच्या पडद्यांना तो पुरत होता. पुढे पडद्यांवरचे ठिपके दाट झाले; जेथे पूर्वी एक ठिपका मावत असे तेथे चार मावू लागले. यंत्रणेच्या २०१३ सालच्या आवृत्तीपासून ६४८ बाय ६४८, म्हणजे चार लाखांहून अधिक ठिपक्यांचा फोटो ठेवण्याची सोय झाली. प्रोग्रॅम सुधारला, पडदा सुधारला. पण ज्यांनी आपला फोटो पूर्वीच लावून ठेवला होता, त्यांचे ठिपके तेवढेच राहिले. नव्या पडद्यावर जुना फोटो अधिकच पुसट दिसू लागला. लोकांना वाटले, नव्या यंत्रात बिघाड आहे. वास्तविक यंत्र खरे तेच सांगत होते. आपण त्याला दिले होते तेवढेच ते दाखवीत होते.

यावरून उपाय उघड होतो. धूसर फोटो दुरुस्त करावयाचा नसतो. तो काढून टाकून त्या जागी मूळ फोटो लावावयाचा असतो. प्रथम मूळ फोटो शोधावा. वर्तुळावर बोट ठेवून पडद्याचाच फोटो घेण्याची जी पद्धत पडली आहे, ती टाळावी. कारण तो धुक्याचा फोटो होतो, माणसाचा नव्हे. मूळ फोटोतील चेहरा आणि खांदे येतील असा चौकोन कापावा. कापल्यानंतर तो चौकोन बाजूला निदान सहा-सातशे ठिपक्यांचा उरला पाहिजे. लग्नातल्या पन्नास माणसांच्या फोटोतून एक डोके कापले, तर तेवढे ठिपके उरत नाहीत; अशा वेळी सरळ नवा फोटो काढावा हे बरे. मग संपर्कयादीतील जुना फोटो पुसून नवा लावावा. पुष्कळदा एकाच माणसाची नोंद दोन-तीन ठिकाणी असते: एक फोनमध्ये, एक खात्यात, एक ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये. प्रोग्रॅम नेमका त्यातला लहान फोटो उचलतो. तेव्हा त्या नोंदी एकत्र कराव्यात. प्रोग्रॅम जुनी प्रत काही काळ आपल्याजवळ साठवून ठेवतो, म्हणून नवा चेहरा लगेच दिसला नाही तरी घाई करू नये. तो बंद करून पुन्हा उघडावा, थोडा वेळ द्यावा. काही ठिकाणी आपण लावलेला फोटो दिसतच नाही, समोरच्याने स्वतःच्या खात्याला लावलेला दिसतो. तेथे त्यालाच सांगावे लागते की बाबा रे, तुझा मोठा फोटो लाव.

नवा फोटो काढतानाही फार मोठी विद्या लागत नाही. कॅमेऱ्याच्या काचेवर बोटांचा तेलकटपणा आणि रस्त्याची धूळ बसलेली असते, ती मऊ सुती फडक्याने पुसावी. माणसाला उंबऱ्याजवळ, दाराकडे तोंड करून बसवावे, म्हणजे उजेड चेहऱ्यावर येतो. उजेडाकडे पाठ करून बसविले, तर चेहरा काळवंडतो. फोनवरची दोन बोटे फाकवून चित्र जवळ आणण्याऐवजी आपण दोन पावले पुढे जावे. एवढे पुरते.

एक गोष्ट मात्र अधिक नीट समजून घेतली पाहिजे, ती म्हणजे फोटो एका हातातून दुसऱ्या हातात जाताना काय होते ती. आपल्या गावच्या धरणाचे उदाहरण येथे चपखल बसते. येलदरीच्या जलाशयातले पाणी वीजघराच्या यंत्रांतून खाली पूर्णेच्या पात्रात उतरते, पुढे सिद्धेश्वर धरणात अडविले जाते, तेथून मुख्य कालव्यात, कालव्यातून वितरिकेत, वितरिकेतून चारीत आणि चारीतून शेतात. प्रत्येक टप्प्यावर काही पाणी जिरते, काही उडून जाते. टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला जे येते, ते पाहून त्याने कितीही आक्रोश केला, तरी वाटेत जिरलेले पाणी शेतचारीत उकरून निघत नाही. त्यासाठी वर, धरणाकडेच जावे लागते.

फोटोचेही असेच आहे. फोटो साठविण्याची जी पद्धत जगभर रूढ आहे, तिला जेपेग म्हणतात. तिचा नियम १९९२ साली ठरला. तिच्या मुळाशी जे गणित आहे ते नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव या तिघांनी जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधातले आहे. यातले नासिर अहमद हे मूळचे बंगळूरचे. या गणिताची खुबी अशी की चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे लहान लहान तुकडे पाडावयाचे आणि माणसाच्या डोळ्याला ज्याची उणीव सहसा भासत नाही, तेवढा बारकावा सोडून द्यावयाचा. त्यामुळे फोटोचे ओझे कमालीचे हलके होते. ही युक्ती नसती, तर आपल्या खेड्यातल्या मंद जाळ्यावरून एक फोटोही वेळेवर पोचला नसता. तेव्हा तिच्याविषयी कृतज्ञताच बाळगली पाहिजे. पण एकदा सोडून दिलेला बारकावा परत येत नाही, आणि फोटो पुन्हा लहान करून पुन्हा साठविला की आणखी थोडा बारकावा जातो. मामाने भाच्याला पाठविला, भाच्याने गटात टाकला, गटातून कोणी पडद्यावरून टिपला, टिपलेला पुन्हा पुढे पाठविला. अशा पाचव्या-सहाव्या हातातला फोटो म्हणजे टेलचे पाणी. व्हॉट्सअॅपवरून फोटो नेहमीच्या रीतीने पाठविला की तो लहान होऊनच जातो. ऑगस्ट २०२३ पासून तेथे अधिक स्पष्ट फोटो पाठविण्याचा पर्याय मिळाला आहे, आणि फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविला तर तो जसाच्या तसा पोचतो. ज्याला मूळ हवे त्याने ही वाट धरावी.

येथवर वाचल्यावर एखादा चतुर विद्यार्थी म्हणेल, "सर, आता एवढी यातायात कशाला? धूसर फोटो दिला की क्षणात लख्ख करून देणारी नवी यंत्रे आली आहेत." आली आहेत हे खरे. त्यांचे कौतुकही होते आहे. आणि नेमका याच ठिकाणी माझा विरोध आहे.

जो बारकावा फोटोत नाहीच, तो यंत्र कोठून आणते? ते हजारो अनोळखी चेहरे आधी पाहून बसलेले असते. त्यांवरून ते अंदाज बांधते की अशा डागाच्या जागी साधारणतः असा डोळा असतो, अशा रेघेच्या जागी असे नाक. मग तो अंदाज इतक्या सफाईने रंगविते, की आपल्याला वाटते फोटो स्पष्ट झाला. २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या अशा एका प्रोग्रॅमला कोणीतरी बराक ओबामा यांचा धूसर केलेला फोटो दिला. धूसर असूनही तो ओबामांचाच आहे हे माणसाला सहज कळत होते. यंत्राने त्यातून एक स्वच्छ, रेखीव चेहरा काढून दाखविला. पण तो एका गोऱ्या माणसाचा होता! जगभर त्याची चर्चा झाली. जगातल्या सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एकाची ही गत, तर येलदरीच्या उन्हात रापलेल्या आजीच्या चेहऱ्याचे काय होईल? यंत्र तिच्या कपाळावरचे गोंदण डाग समजून पुसून टाकील, सुरकुत्या सपाट करील, कुठल्या तरी जाहिरातीतल्या बाईचे दात तिच्या तोंडात बसवील. फोटो लख्ख होईल, आणि त्यात आजी नसेल. धूसर फोटो निदान प्रामाणिक असतो. "मला एवढेच ठाऊक आहे" असे तो सांगतो. हा लख्ख फोटो मात्र ठाऊक नसलेलेही ठासून सांगतो.

खोटा चेहरा खऱ्याच्या जागी कसा बसतो, याचा अनुभव महाराष्ट्राने यापूर्वीच घेतला आहे. कोणे एके काळी इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचे चित्र शिवछत्रपतींचे म्हणून खुशाल छापले जात होते. लोक त्यालाच नमस्कार करीत होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी जुनी डच साधने धुंडाळून महाराजांचे खरे चित्र पुढे आणले, तेव्हा तो भ्रम फिटला. बेंद्रे यांनी काय केले? त्यांनी चुकीच्या चित्राला रंगरंगोटी केली नाही. ते मुळाकडे गेले. संशोधनाचा जो नियम, तोच घरातल्या फोटोचाही नियम. शंका आली की मूळ पाहावे.

पण मूळ असेल तर ना! खरी चिंता तीच आहे. पूर्वी जिंतूर-परभणीच्या कोणत्याही फोटो स्टुडिओत फोटो काढला, की तो ज्या पाकिटातून मिळे त्यावर निगेटिव्हचा नंबर लिहिलेला असे. दहा वर्षांनी तो नंबर घेऊन गेले, तरी पेटीतून निगेटिव्ह निघे आणि नवी प्रत मिळे. फोटो कमी निघत, पण मूळ जपण्याची एक व्यवस्था होती, आणि ती व्यवस्था सांभाळणारा माणूस होता. आज फोटो उदंड झाले, आणि मूळ सांभाळणारा कोणीच राहिला नाही. स्टुडिओवाल्याचे काम आता ज्याचे त्याने करावयाचे आहे, हे आपल्याला कोणी सांगितलेले नाही.

विद्यार्थ्यांचेच पाहा. बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरताना फोटो २०० बाय २३० ठिपक्यांचा आणि २० ते ५० केबी वजनाचा लागतो. अर्ज भरणाऱ्या केंद्रावरचा मुलगा तो झटक्यात तेवढा करून देतो. अर्ज करणाऱ्याचे काम होते. फोनमध्ये जागा नसते म्हणून मोठा फोटो पुसला जातो आणि हा ४६ हजार ठिपक्यांचा फोटो तेवढा उरतो. मग तोच ईमेलला, तोच ओळखपत्राला, तोच या वार्षिकांकासाठीही! संपादक मंडळाची अडचण कोणी लक्षात घेत नाही. छापताना एका इंचात ३०० ठिपके लागतात. ईमेलच्या वर्तुळातला ९६ ठिपक्यांचा फोटो स्पष्ट छापायचा म्हटला, तर तो जेमतेम ८ मिलिमीटर रुंद, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढा होईल. विद्यापीठात पहिल्या आलेल्या विद्यार्थिनीचे अभिनंदन आम्ही हरभऱ्याच्या दाण्यात छापावे काय?

विद्यार्थी तरुण आहेत. त्यांचा फोटो उद्याही काढता येईल. ज्यांच्यासाठी हा लेख लिहिला, ती माणसे वेगळी आहेत. येलदरीचे धरण १९६८ साली पूर्ण झाले. पूर्णेवरचा हा एकावन्न मीटर उंचीचा मातीचा बांध आणि साडेबावीस मेगावॉटचे वीजघर यांची माहिती शासकीय दप्तरात तपशीलवार सापडते. पण ज्यांनी ऐन पंचविशीत त्या बांधावर मातीच्या पाट्या वाहिल्या, दगड फोडले, ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. जलाशयाच्या पाण्याखाली ज्यांची शेते गेली, त्यांच्यापैकी जे हयात आहेत त्यांचेही वय तेच. या माणसांचे किती फोटो त्यांच्या घरी आहेत? २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले, आणि तेव्हापासून गावोगाव प्रत्येक माणूस निदान एकदा तरी कॅमेऱ्यापुढे बसला. कित्येक वृद्धांचा एकट्याचा असा तोच एक फोटो. तो काढला गेला ओळख पटविण्यासाठी, आठवण ठेवण्यासाठी नव्हे. आणि मग एके दिवशी चौकात श्रद्धांजलीचा फलक लागतो. त्यावर त्याच कार्डावरचा बोटाच्या पेराएवढा चेहरा चार फूट ताणलेला असतो. फुलांची चौकट लख्ख असते, पुढाऱ्यांचे फोटो लख्ख असतात. ज्याच्यासाठी फलक लावला तो मात्र धुक्यात. ज्याने आयुष्यभर धरणावर, रानात, दुसऱ्याच्या बांधावर राबून नाव कमावले, त्याला शेवटचा निरोप त्याचा चेहरा न पाहताच द्यावयाचा, याला काय म्हणावे?

बायकांची गत याहून वाईट. घरातला कर्ता पुरुष निदान सत्काराच्या, लग्नाच्या, निवडणुकीच्या निमित्ताने फोटोत येतो. आई नेहमी फोटोच्या बाहेर, चुलीपाशी किंवा पाहुण्यांच्या ताटांपाशी. मुलगा परगावी गेल्यावर तिचा जो फोटो त्याच्या फोनमध्ये असतो, तो कोणाच्या तरी हळदीतल्या घोळक्यातून कापलेला. तिचा फोन आला की रोज तोच डाग उजळतो आणि विझतो. हे आपण चालवून घेतो, कारण डागामागचा चेहरा आपल्याला पाठ असतो. पण नातवाला तो पाठ नसेल. आपल्यासाठी जी खूण आहे, ती त्याच्यासाठी नुसता डाग असेल.

यावर आक्षेप येतील, त्यांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की पाऊस वेळेवर नाही, कापसाला भाव नाही, पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि हे गृहस्थ फोटोंच्या ठिपक्यांची चिंता वाहतात! आक्षेप रास्त आहे. परंतु फोटो नीट ठेवल्याने पाऊस अडत नाही आणि कापसाचा भावही पडत नाही. ज्या गोष्टींवर आपला ताबा नाही त्यांविषयी आपण रोज पारावर बोलतो. जी पाच मिनिटांत आणि फुकट होण्यासारखी आहे ती तरी करावी, एवढेच माझे म्हणणे आहे. गरिबाच्या घरी आठवणींची चैन नसते हे मला पटत नाही. उलट ज्याच्या घरी वाडा नाही, जमीन नाही, वंशावळ लिहिलेली नाही, त्याच्याजवळ वाडवडिलांचे म्हणून काय उरते? एक चेहराच ना?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलींचे फोटो कोणी उचलतो, त्यांचा गैरवापर करतो. मग मोठे आणि स्पष्ट फोटो चारचौघांत लावा असे सांगणे धोक्याचे नाही काय? धोक्याचे आहे, आणि तसे मी सांगतही नाही. जिला आपला चेहरा बाहेर दाखवावयाचा नसेल, तिने त्या वर्तुळात फुलाचे चित्र लावावे किंवा नावाचे आद्याक्षर ठेवावे. तो तिचा अधिकार आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. बाहेर काय द्यायचे ते आपण ठरवावे, पण घरात मूळ असावे. बाजारात धान्य वानगीपुरते मूठभर दाखवितात. बियाणे घरातच जपतात. आपण मात्र उलटे करतो आहोत. मूठभर वानगी सांभाळतो आणि बियाणे उकिरड्यावर फेकतो. लहान फोटो हा दोष नाही. लहान फोटो एवढाच उरणे हा दोष आहे.

नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे, म्हणून दोन सूचना करतो. पहिली आपल्या महाविद्यालयास. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थ्याचा एक पूर्ण आकाराचा फोटो काढून तो त्याचा त्याला द्यावा, आणि अर्जांसाठी लागणारे लहान आकार त्यातून कसे काढावेत हे अर्ध्या तासात शिकवावे. मूळ फाईल तशीच ठेवून तिची प्रत लहान करावयाची, हे एक वाक्य जरी विद्यार्थी घेऊन गेला तरी पुष्कळ झाले. दुसरी सूचना राष्ट्रीय सेवा योजनेस. ही योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिच्या सात दिवसांच्या शिबिरांत आपण रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो, ते चांगलेच आहे. त्यातली एक सकाळ गावातल्या वृद्धांना द्यावी. त्यांची परवानगी घेऊन, उंबऱ्याजवळ बसवून, प्रत्येकाचा एकट्याचा एक नीट फोटो काढावा. त्याची एक कागदी प्रत घरी द्यावी, मूळ फाईल घरच्यांच्या ईमेल खात्यात आणि आणखी एका ठिकाणी ठेवून द्यावी. फोन हरवतो, पाण्यात पडतो, बिघडतो. म्हणून दोन जागा. फाईलला नाव, गाव आणि साल द्यावे, म्हणजे स्टुडिओवाल्याच्या पाकिटावरचा नंबर आपण पुन्हा लिहिला असे होईल. फोटो काढताना त्यांच्याशी दोन शब्द बोलावे. धरणाच्या कामाच्या गोष्टी निघतील, त्या ऐकाव्यात. त्या कोणत्याही कॅमेऱ्यात उमटत नाहीत.

मित्रहो, यंत्र तुमच्याकडे जे मागते ते नेहमी कमीच असते: एवढे केबी, एवढे ठिपके, एवढासा चौकोन. ते त्याला द्या. त्याचे काम तेवढ्यावर भागते. पण स्वतःसाठी ठेवताना यंत्राच्या मापाने ठेवू नका. येत्या दिवाळीला घरी जाल तेव्हा काच पुसा, आईला दारात बसवा आणि तिचा एक फोटो काढा. ती म्हणेल, "माझा काय फोटो काढतोस, केस तरी विंचरू दे." तिला केस विंचरू द्या. तोवर थांबा.